हिंदुरावांचं नाक

"काका, ही तुमच्याच हातची ना?" स्वरूपानं काउंटरवर रुमालाची गाठ सोडली आणि आतली शेगडी पुढं सरकवली.

हिंदुरावांनी हात लावला नाही. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लांबूनच पाहिलं. मुठीत मावेल एवढी शेगडी, डोंगरात भटकणारी पोरं नेतात तसली. पाय काळेठिक्कर पडले होते. गॅस आणणाऱ्या जाळीदार नळीचं टोक जळून पिंजारलं होतं.

"गणराजचा हात भाजला," स्वरूपा म्हणाली. "रविवारी, राजमाचीच्या वाटेवर. चहा झाला, खिचडी ठेवली आणि दहाएक मिनिटांत जोडापाशी भडकाच उडाला. त्यानं पातेलं सावरायला हात घातला, तर इथपर्यंत..." तिनं स्वतःच्या मनगटाच्या वर बोट ठेवलं.

स्वरूपा वाकडला राहायची आणि हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकावर काम करायची. तिच्यासोबत आलेला ज्ञानेश चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर होता. दर रविवारी डोंगर चढणारा त्यांचा ग्रुप होता, आणि त्या ग्रुपच्या शेगड्या गेली सहा-सात वर्षं हिंदुरावांकडेच येत होत्या.

"डबा कुठला व्हता?" हिंदुरावांनी विचारलं.

"कसला डबा?"

"गॅसचा. नवा व्हता का घरच्या सिलेंडरवरनं भरून घेतल्याला?"

"नवा होता काका," ज्ञानेश म्हणाला. "सील मीच फोडलं."

"ते तुमी म्हणताय. सील फोडताना मी काय तितं नव्हतो."

हिंदुरावांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं शेगडी उलटी केली. आपल्या कामावर ते खूण म्हणून पंचनं तीन ठिपके मारत. पिंपरीत प्रीतम नावाचा एक दुकानदार हुबेहूब त्यांच्यासारखं काम करून देतो, अशी त्यांची जुनी तक्रार होती. ठिपके नसावेत, ही शेगडी प्रीतमकडची निघावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. काजळीवर अंगठा फिरवला तर खाली तीन ठिपके एका ओळीत उभे.

"आम्ही भांडायला नाही आलो," ज्ञानेश म्हणाला. "दिवाळीनंतर तुम्ही चार शेगड्या करून दिल्यात, त्यातली ही एक. बाकी तीन ग्रुपमध्येच आहेत. त्या वापरायच्या की नाही, एवढंच सांगा."

"वापरू नका. पर चूक माझी हाय असंबी समजू नका." हिंदुरावांचा आवाज चढला. "ह्या रविवारी मला घेऊन चला. जिथं ही पेटली तिथंच दुसरी पेटवून दावा. कशी लावताय, किती पिळताय, कसला डबा घालताय, सगळं माझ्या डोळ्यांनी बघतो. मग बोलू."

"काका, चार तास चालायचंय," स्वरूपा म्हणाली.

"आन् मी दिवसाला किती जिने चढतो, ठाव हाय का तुला?"

ते खोटं नव्हतं. सत्तावीस वर्षं हिंदुराव शेडगे संत तुकाराम नगरात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत होते. आटपाडीकडून आले तेव्हा एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. कारखाना बंद पडला, तशी त्यांनी तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पुढं दुकान, मागं घर. बर्नर साफ करणं, नळी बदलणं, खटका बसवणं ही कामं पिंपरीत शंभर माणसं करतात. पण हिंदुराव ओळखले जायचे ते नाकामुळे. बिल्डिंगच्या जिन्यात पाय ठेवला की म्हणायचे, "दुसऱ्या मजल्यावर, डाव्या अंगाला." आणि खरंच दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या घरात नळी चिरलेली निघायची. एकदा अख्ख्या कुटुंबाला त्यांनी झोपेतून उठवून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून गल्लीत म्हण पडली होती, की गॅस कंपनीच्या माणसाला चुकवता येईल, हिंदुरावांच्या नाकाला नाही.

डोंगरातल्या शेगड्यांचं काम त्यांच्याकडे स्वरूपामुळंच आलं. तिची शेगडी डब्याच्या डोक्यावरच बसायची. वर पातेलं ठेवलं की सगळं डुगडुगायचं आणि वाऱ्यात ज्योत विझायची. तिनं सहज विचारलं, ह्याचं काही होईल का? हिंदुरावांनी ती आठ दिवस ठेवून घेतली. पाय पसरट केले, पितळी जोड वळवून जाळीची नळी बसवली, म्हणजे डबा हातभर लांब राहील आणि तापणार नाही. ज्योतीभोवती पत्र्याचा आडोसा केला, तोही एका बाजूनं उघडा. एवढीशी वस्तू, पण पाच माणसांची खिचडी पेलायला लागली. मग तिचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले. घरात चकाचक ओटा असताना ही पोरं दगडावर बसून पिठलं कशाला शिजवतात, हे मात्र हिंदुरावांना कधी उमगलं नाही. यात काहीतरी पाणी मुरतंय, असं त्यांना वाटायचं. फार विचार करून त्यांनी नाद सोडून दिला होता.

पुढं करोनाच्या दुसऱ्या लाटेत हिंदुराव आजारी पडले. चौदा दिवस एका खोलीत काढून बरे झाले. सगळं परत आलं, नाक तेवढं आलं नाही. आज येईल, उद्या येईल असं म्हणत पाच वर्षं होत आली. सुरुवातीला त्यांनी लसूण ठेचून हुंगला, रॉकेलची बाटली नाकाशी धरली, शेवटी बंद दाराआड शेगडीची कळ क्षणभर उघडी ठेवून पाहिली. काही नाही.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इंदूला, स्वतःच्या बायकोलाही नाही. साबणाचं पाणी आहे की आपल्याकडे, असं त्यांनी मनाची समजूत घातली होती. जोडावर पाणी सोडायचं, फुगे आले तर गळती, नाही आले तर काम चोख. त्यात नाकाचं काय अडतं? त्यामुळं ते पूर्वीपेक्षा जास्त काळजीनं काम करत. एक जोड तीन-तीनदा तपासत.

पण तेव्हापासून त्यांचा स्वभाव पालटला. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, काही वास येतोय का बघा हो," की त्यांना वाटायचं, हा परीक्षा बघतोय. प्रीतम रस्त्यात भेटून हसला की वाटायचं, याला कळलंय. इंदूवरसुद्धा त्यांचा डोळा असायचा. दूध नासलं की ते ग्लासात ओतायच्या आधीच ती सांगायची. शेगडी दुरुस्त झाली की ते मागं मोरीजवळ दहा मिनिटं पेटवून ठेवत. नेमकी त्याच वेळी ती धुण्याची बादली घेऊन तिथं हजर. ही आपल्यावर पाळत ठेवते, असा त्यांचा पक्का समज झाला होता.

रविवारी जायचं ठरल्यावर त्यांनी तयारी केली तीही संशयानंच. बाजारातून स्वतः गॅसचा सीलबंद डबा आणला. काडेपेटी स्वतःची घेतली. साबणाच्या पाण्याची बाटली आणि नट खोलायचे पाने एका पिशवीत भरले.

"कुटं निगालाय?" इंदूनं विचारलं.

"डोंगरात."

"आन् त्या पोराचा हात कसा हाय?"

हिंदुराव चमकले. दुकानातलं बोलणं हिनं आतून ऐकलं होतं तर. "तेच बघाय निगालोय," एवढं बोलून ते बाहेर पडले.

लोणावळ्यापर्यंत ते स्वरूपाच्या गाडीतून गेले. गणराज पुढच्या सीटवर होता. तिशीच्या आतला, परभणीकडचा. कुरुळीत तिघांच्या खोलीत राहायचा आणि ज्ञानेशच्याच कारखान्यात प्रेसवर काम करायचा. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला. त्यानं मागं वळून नमस्कार केला तो डाव्या हातानं. हिंदुरावांनी मान हलवली. प्रेसवर काम करणारा माणूस, हात कुठं घालावा हे याला कळत नसेल? कारखान्यात भाजून घेतला असेल आणि नाव माझ्या शेगडीचं. असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. गणराजच्या तोंडाकडे पाहून त्यांना स्वतःचीच शरम वाटली, पण विचार काही गेला नाही.

वाट लांब होती, अवघड नव्हती. जानेवारीतलं गवत वाळून पिवळं झालं होतं. ज्ञानेश पुढं, मग हिंदुराव, मागं स्वरूपा आणि गणराज. मागच्या दोघांचं कुजबुजणं हिंदुरावांना ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. ते मुद्दाम बुटाचा खडा काढायला थांबले, तशी कुजबुज थांबली. माझ्यावर डाव टाकायचा बेत आहे, त्यांनी ताडलं.

दहाच्या सुमाराला ते ओढ्याजवळच्या एका उघड्या कातळावर पोचले. आजूबाजूला पेट घेण्याजोगं गवत नव्हतं. कातळावर एके ठिकाणी काळा डाग होता.

"इथंच," गणराज म्हणाला. एवढंच बोलून तो लांब एका दगडावर जाऊन बसला.

ज्ञानेशनं सॅकमधून आपली शेगडी काढली, त्या चारातलीच दुसरी. हिंदुराव उकिडवे बसून प्रत्येक हालचाल बघत होते.

"डबा माझा घ्या."

ज्ञानेशनं निमूटपणे तो घेतला.

"पिळा. लई नगं. बास." त्यांनी साबणाचं पाणी दोन्ही जोडांवर सोडलं आणि डोळा लावून पाहिलं. एक फुगा नाही. ते उठून उभे राहिले आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहत म्हणाले, "बगितलं? काय हाय का? आता पेटवा."

काडी त्यांनीच ओढली. ज्योत निळी, स्थिर. स्वरूपानं पातेलं चढवलं. कातळ उतरता होता, तरी पसरट पायांवर पातेलं जरासुद्धा हललं नाही. हिंदुरावांनी आजवर आपली शेगडी कामाला लागलेली अशी बाहेर कधी पाहिली नव्हती. वारा आला, ज्योत आडोशामागं वाकली आणि पुन्हा सरळ झाली. त्यांना आत कुठंतरी फार बरं वाटलं.

स्वरूपानं घरून पुडी बांधून आणली होती. भाजलेले तांदूळ, भाजलेली मूगडाळ, वाळवलेली मेथी, गोडा मसाला आणि मीठ, सगळं एकत्र कालवलेलं. पाण्याला आधण आलं तसं तिनं ते आत सोडलं, वरून डबीतलं तूप घातलं आणि झाकण ठेवलं.

"एवढंच?" हिंदुरावांनी विचारलं.

"एवढंच. दहा मिनिटं. घरी मी कधी इतकी चवीनं खात नाही काका. इथं चार तास चालून आल्यावर..." ती हसली.

हिंदुरावही हसणार होते. तेवढ्यात स्वरूपाचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिनं मान वळवली, नाकपुड्या किंचित हलल्या.

"काका, वास येतोय."

"कसला?"

"गॅसचा."

"न्हाई." ते इतक्या जोरात म्हणाले की ज्ञानेशनं वर पाहिलं. "मसाल्याचा आसंल. हितं मी बसलोय न्हवं शेगडीला लागून? मला येतोय का?"

ज्ञानेश पुढं झाला, वाकला. "येतोय काका. चांगला येतोय."

हिंदुराव ताडकन उठले. आला डाव. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं होय म्हणायचं. वाटेत कुजबुजत होते ते हेच. "तुमी सगळी ठरवून आलाय," ते म्हणाले. "मला येडं समजता? सत्तावीस वर्सं ह्येच काम करतोय मी!"

"काका, आम्ही कशाला ठरवू?" स्वरूपा म्हणाली. "बंद करा ना आधी!"

हिंदुरावांचं लक्ष गणराजकडे गेलं. तो वीसेक पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसला होता. ओढ्याच्या आवाजात हे दोघं काय बोलतात ते त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. आणि तो उठून उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक. पट्टीतला हात त्यानं छातीशी घट्ट धरला होता आणि तो एक एक पाऊल मागं सरकत होता. शेगडीवरची नजर न काढता.

असा चेहरा कुणाला ठरवून करता येत नाही. हिंदुरावांनी कळ फिरवून गॅस बंद केला.

"पातेलं उचल. सगळी मागं व्हा."

ज्योत विझली. त्यांनी शेगडी कातळाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, काडेपेटी ज्ञानेशकडे फेकली, आणि जोड गरम होता तोवरच त्यावर साबणाचं पाणी सोडून कळ अगदी थोडी उघडली.

शेगडीकडच्या जोडातून बारीक फुगे निघाले. मोहरीएवढे, मग हरभऱ्याएवढे. एकाला लागून एक.

त्यांनी कळ बंद केली. जोड निवल्यावर पान्यानं खोलला आणि आतली रबराची बारीक कडी नखानं बाहेर काढली. बाहेरून ती नेहमीसारखीच काळी होती. चिमटीत दाबली तर मेणासारखी दबली. उष्णता न सोसणारं रबर. दिवाळीनंतर त्यांनी नवं पाकीट आणलं होतं, रंग-माप तेच, भरवशानं वापरलं होतं. थंड असताना साबणाच्या पाण्याला एक फुगा येत नव्हता. तापल्यावर जोड सुटत होता; आणि पेटलेल्या शेगडीवर कुणी साबणाचं पाणी टाकत नाही. तिथं एकच गोष्ट कामाची होती.

दुकानामागं मोरीपाशी ह्या चारही शेगड्या त्यांनी दहा-दहा मिनिटं पेटवल्या होत्या. समोर स्टुलावर बसून. त्या दहा मिनिटांत हा वास तिथंही आलाच असणार. त्यांच्या नाकाखाली.

"काका?" स्वरूपा जवळ आली.

हिंदुराव मांडी घालून खाली बसले. "मला वास येत न्हाई पोरी," ते म्हणाले. "करोनापास्नं. गॅसचा न्हाई, मसाल्याचा न्हाई, कशाचाच न्हाई."

गणराज हळूहळू चालत आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आन् तरी पाच वर्षं लोकांच्या घरचे गॅस तपासायलाव?"

"साबणाचं पाणी..." हिंदुराव म्हणायला गेले आणि थांबले. "व्हय," ते म्हणाले.

"एक शब्द बोलले असते तर आम्ही आमच्या नाकानं बघितलं असतं की! एवढंच तर बोलायचं होतं!" गणराज ओरडला. त्यानं तोंड फिरवलं.

स्वरूपानं ताटल्या काढल्या. खिचडी तेवढ्या आचेवर होत आली होती. झाकण ठेवून वाफेवर उरलेली शिजली. तिनं हिंदुरावांच्या हातातही ताटली दिली. त्यांना मीठ कळलं, गरम लागलं, तांदूळ मऊ लागला. बाकी काही नाही. पण त्यांनी ताटली चाटूनपुसून संपवली, आणि ओढ्यावर जाऊन सगळ्यांच्या ताटल्या घासून आणल्या.

उतरताना गणराजच्या बुटाची नाडी सुटली. तो वाकून डाव्या हातानं बांधायचा प्रयत्न करत होता. हिंदुराव गुडघ्यावर बसले आणि नाडीला हात घातला. गणराजनं पाय मागं घेतला. मग स्वरूपानं येऊन ती बांधली. हिंदुराव उठले आणि सगळ्यांच्या मागून चालू लागले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. इंदू भाकरी थापत होती. त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली, हातपाय न धुताच पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. नाकाचं सांगताना त्यांनी मान खाली घातली.

इंदूनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला ठावं हाय."

"कवापास्नं?"

"तवापास्नंच. आमटी करपून खाक झाली व्हती, आन् तुमी वरपत म्हणालासा, काय झकास वास सुटलाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाईसा." तिनं भाकरी आचेवर धरली. "नाकावर नाव व्हतं तुमचं. मी कशी पुसू ते?"

इंदूच पुढं म्हणाली, "तुमी मागं शेगडी पेटवायचा, तवा मी धुणं घिऊन याची न्हवं? धुणं कुटं पळून चाललं व्हतं? वासावर बसायची मी. एकदा आला बी व्हता. मी म्हणलं, ह्यो जोड मला ढिला दिसतोय. तुमी माझ्यावर किती वराडलासा! पर खोलून परत बसवलासा."

दिवाळीनंतर दोन महिने इंदू विट्याला होती, थोरल्या लेकीच्या, श्रद्धाच्या बाळंतपणाला. चार शेगड्या त्या दोन महिन्यांतल्या होत्या. हिंदुरावांना सांगावं लागलं नाही. पाच वर्षं जिच्यावर त्यांनी संशय घेतला, तिच्या श्वासावर त्यांचं दुकान चाललं होतं. त्यांना बोलायचं पुष्कळ होतं. तोंडातून एवढंच निघालं, "लई छळलं तुला."

"जेवा आता," इंदू म्हणाली.

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं नाही. ग्रुपच्या राहिलेल्या दोन शेगड्या स्वतः जाऊन आणल्या, आणि आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. मग संध्याकाळी इंदूला बरोबर घेऊन ते जिने चढायला लागले. ज्या ज्या घरचा गॅस त्यांनी ह्या पाच वर्षांत तपासला होता, त्या प्रत्येक दारात तेच वाक्य. "मला वास येत न्हाई. मी सांगितलं न्हवतं, चूक झाली. दुसऱ्या कुणाकडनं एकदा बघून घ्या." कुणी म्हणालं, काका, आम्हाला काही त्रास नाही, बसा, चहा घ्या. कुणी नुसतं दार लोटलं. एका बाईंनी विचारलं, "माझी नातवंडं झोपतात हो त्या खोलीत. तुम्हाला झोप कशी लागली?" हे सगळं आठ दिवस चाललं. आठ दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. प्रीतम एकदा रस्त्यात भेटला. या वेळी तो हसला नाही, खाली बघून निघून गेला. हिंदुरावांना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

कुरुळीला ते एकटेच गेले. गणराज खोलीवर होता. पट्टी निघाली होती. हाताची कातडी गुलाबी, ताणलेली दिसत होती. बोटं पुरती मिटत नव्हती. महिनाभर प्रेसवर उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हिंदुराव दारातच बसले.

"काका, मी खोटं नाही बोलणार," गणराज म्हणाला. "राग गेला नाही अजून."

"ऱ्हाऊ दे. उगं वरवर गेला म्हणण्यापरीस ऱ्हायलेला बरा."

गणराजनं आत जाऊन पाणी आणलं. डाव्या हातानं तांब्या पुढं केला. हिंदुराव पाणी प्यायले आणि उठले.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी त्यांनी शेजारच्या रंगाऱ्याकडून शिडी आणि काळ्या ऑइलपेंटचा डबा मागून आणला. दुकानाच्या पाटीवर चार ओळी होत्या. शेडगे गॅस रिपेअरिंग. सर्व प्रकारच्या शेगड्या दुरुस्त करून मिळतील. तिसरी ओळ लाल अक्षरांत होती: गॅसगळती खात्रीने तपासून मिळेल. खाली फोन नंबर.

"मी हाय की," इंदू खालून शिडी धरत म्हणाली. "मी बसते दुकानात. कशापायी पुसताय?"

"तू बस. तू बसलीस तर आपण नवी पाटी करू, तुझ्या नावानं. ही लाल वळ माझी हाय. ती खोटी हाय."

त्यांनी ब्रश बुडवला आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. रस्त्यावरून कामाला जाणारी माणसं थांबून वर बघत होती. ते घाई न करता, एका रेषेत, अक्षरांच्या कडा राहणार नाहीत असं रंगवत होते. उन्हानं पाटीचा पत्रा तापला होता आणि ओल्या रंगाचा उग्र दर्प खाली उतरत होता. इंदूला ठसका लागला. एका हातानं शिडी तशीच धरून तिनं दुसऱ्या हातानं पदर नाकाला लावला.

वर हिंदुराव पाटीला तोंड लावून, संथ श्वास घेत काम करत होते. "सरळ आलीया का गं?" त्यांनी विचारलं.

"आलीया," इंदू पदराआडून म्हणाली.